पन्नास नंबर ते तीन हजार नंबर

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. अनुस्वार कुठे द्यायचा आणि कुठे नाही, हे मी आजही आजीला फोन करून विचारते. त्यामुळे "यंदा मराठी विभागात एक टेक्निकल लेख हवा" असं ठरलं आणि मी हात वर केला, तेव्हा आमच्या रूममधल्या सगळ्याजणी खो-खो हसल्या. पण हा विषय मी शिकले तोच मुळी मराठीतून, एका पॉलिशवाल्या काकांकडून. इंग्रजीतून लिहायला बसले असते तर उलट अडखळले असते.

विषय आहे दगडाचं पॉलिश. आपण रोज किती दगडांवरून चालतो बघा! लायब्ररीच्या पायऱ्या, ऑफिससमोरची फरशी, मेसमधला ओटा. ते चकचकीत का दिसतात, ती चकाकी येते कुठून आणि ती आणणाऱ्या माणसाचं काय होतं, हे मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. माहीत झालं ते एका फजितीमुळे.

बारा ट्रॉफ्या आणि एक फजिती

टेक-फेस्टसाठी बारा ट्रॉफ्या करायच्या होत्या. प्लॅस्टिकच्या सोनेरी कपांना सगळेच कंटाळले होते आणि बजेट नेहमीप्रमाणे "बघू या" एवढंच होतं. हायवेवरच्या एका ग्रॅनाइटच्या दुकानात काळ्या दगडाचे उरलेले तुकडे जवळजवळ फुकट मिळाले. अशा तुकड्यांची वरची बाजू फॅक्टरीतूनच गुळगुळीत होऊन आलेली असते, पण कापलेल्या कडा मात्र पांढुरक्या आणि खडबडीत असतात. मी मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलं, "कडांचं पॉलिश मी करते. उगाच नाही मेकॅनिकलला आले!"

हार्डवेअरच्या दुकानात चार इंची डायमंड पॅडचा सेट मिळाला. सात पॅड, सात नंबर: ५०, १००, २००, ४००, ८००, १५०० आणि ३०००. सातही घ्यायचे म्हणजे पैसे जास्त. मी डोकं चालवलं. सुरुवातीला एक रफ, मधे एक मध्यम, शेवटी एक फाइन, झालं की काम! ५०, ४०० आणि ३००० असे तीनच पॅड सुटे मागून घेतले. ते वर्कशॉपमधल्या नेहमीच्या अँगल ग्राइंडरला लावले. पाणी वापरलं नाही. विजेच्या मशीनवर पाणी कोण घालणार?

दोन तासांनी जे झालं ते असं. पहिल्या ट्रॉफीची कड तिरपी धरली की चमकायची, पण सरळ समोरून पाहिली तर तिच्यावर नांगरलेल्या शेतासारख्या रेघा. ३००० नंबरचा पॅड गरम होऊन वितळला आणि त्याचा रंग दगडाला चिकटला. वर्कशॉपमधल्या प्रत्येक लेथवर करड्या पिठाचा थर बसला. मी आणि माझी मैत्रीण दोघीही भुतासारख्या दिसत होतो. तोंडाला ओढणी बांधली होती, तरी पुढे तीन दिवस दोघीही खोकत होतो.

शेवटी ते तुकडे पिशवीत घालून मी परत त्या दुकानात गेले. मागच्या शेडमध्ये एक काका ओट्याच्या कडा गोल करत बसले होते. पाय ओले, चपला ओल्या, सगळीकडे पाणीच पाणी. त्यांनी माझी ट्रॉफी हातात घेतली, अंगठा फिरवला आणि विचारलं, "मॅडम, मधले नंबर कुठं गेले?"

त्यांनी एवढ्यावरून ओळखलं! मग तीन संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन शिकले. दुसऱ्या दिवशी "मॅडम"ची "पोरी" झाले आणि मग खरं शिक्षण सुरू झालं.

हिराच का?

फर्स्ट इयरला आपण मोहचं कोष्टक पाठ केलं आहे. त्यात मार्बल, म्हणजे त्यातलं कॅल्साइट, ३ वर. ग्रॅनाइटमधलं फेल्डस्पार ६ वर आणि क्वार्ट्झ ७ वर. हिरा १० वर. पण हे आकडे म्हणजे नुसता वर्गातला नंबर आहे, मार्क नव्हेत. पहिल्या आणि दुसऱ्या नंबरात किती मार्कांचं अंतर आहे, हे त्यावरून कळत नाही. नूप कडकपणा मोजला की ते अंतर दिसतं. क्वार्ट्झ साधारण ८००, सिलिकॉन कार्बाइड २५०० च्या आसपास आणि हिरा ७००० च्या वर. म्हणजे हिरा वर्गात पहिला तर आहेच, पण बाकीच्यांना खूप मागे टाकून पहिला आहे.

याचा अर्थ हिऱ्याशिवाय पॉलिश होतच नाही, असा मात्र नाही. बिहारमधल्या बराबरच्या लेण्या इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या, सम्राट अशोकाच्या काळातल्या आहेत. ग्रॅनाइटसारख्या कडक दगडात कोरलेल्या त्या भिंती आजही आरशासारख्या गुळगुळीत आहेत. आजची कुठलीही मशीन नसताना, माणसांनी हातांनी घासून केलेल्या. आपल्याकडे कुरुंद दगड घासण्यासाठी फार पूर्वीपासून वापरतात. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द आपल्याच भाषांमधून तिकडे गेला, हे कळल्यावर मला उगाचच अभिमान वाटला!

हिरा स्वस्त झाला तो कारखान्यात बनायला लागल्यावर. १६ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांनी कार्बनवर प्रचंड दाब आणि उष्णता देऊन हिरे तयार केले आणि १९५५ च्या फेब्रुवारीत कंपनीने ते जाहीर केलं. आज तुम्ही-आम्ही दुकानातून जो पॅड आणतो त्यातले हिरे असेच कृत्रिम असतात. त्यामुळे पॅड कापून अंगठी करायचा विचार कोणी करू नये!

नंबर म्हणजे काय?

पॅडवरचा नंबर मूळचा चाळणीचा. एका इंचात जाळीची किती घरं, तो नंबर. सिव्हिलच्या लोकांना ७५ मायक्रॉनची चाळणी चांगलीच माहीत आहे. तीच २०० नंबरची चाळणी. एका इंचात २०० घरं म्हणजे प्रत्येक घराला १२७ मायक्रॉन जागा, त्यातून तारेची जाडी वजा केली की भोक उरतं ७५ चं. या हिशेबाने ५० नंबर म्हणजे ३०० मायक्रॉन, १०० म्हणजे १५०, २०० म्हणजे ७५, ४०० म्हणजे ३८. नंबर दुप्पट केला की कण निम्मा. त्याच्या पुढची पूड इतकी बारीक असते की चाळणी उपयोगाची नाही. ती पाण्यात ढवळून ठेवतात, जड कण आधी बसतात आणि हलके नंतर, त्यावरून वेगळी करतात. ३००० नंबरचा कण जेमतेम पाच मायक्रॉनच्या आसपास असतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, यावरून अंदाज करा.

आता माझी चूक कुठे झाली ते बघू. ५० नंबरचा पॅड दगडाला गुळगुळीत करत नाही, तो दगड फोडतो. ३०० मायक्रॉनचा हिऱ्याचा कण दगडातून जातो तेव्हा वर चर पडतो आणि त्याच्याखाली बारीक तडे जातात. समजा, चर आणि तडे मिळून ४० मायक्रॉन खोलीपर्यंत नुकसान झालं. पुढच्या पॅडचं पहिलं काम चमक आणणं नव्हेच. पहिलं काम म्हणजे हा ४० मायक्रॉनचा थर पूर्ण काढून टाकणं. १०० नंबरचा पॅड ते पटकन करतो, कारण त्याचाही कण मोठा आहे. तो स्वतःचे चर पाडतो, पण कमी खोल. ते २०० काढतो. २०० चे ४०० काढतो. प्रत्येक जण आधीच्याचं निस्तरतो आणि स्वतःची थोडी कमी घाण मागे ठेवतो.

मी ५० वरून थेट ४०० वर उडी मारली. समजा ४०० नंबर मिनिटाला एक मायक्रॉन दगड काढतो. ४० मायक्रॉनसाठी एकाच जागेवर ४० मिनिटं घासायला हवं होतं. मी घासलं पाच मिनिटं. त्यामुळे चरांच्या मधले उंचवटे गुळगुळीत झाले आणि चर तसेच खाली राहिले. मग ३००० ने त्या उंचवट्यांना चकाकी दिली, आणि चकाकीमुळेच खालच्या रेघा आणखी उठून दिसायला लागल्या. काकांचं म्हणणं एका वाक्यात होतं: "तीन हजारला डाग दिसला तर तीन हजार घासू नको, मागं जा."

मागे जायचं म्हणजे किती मागे, हे कळण्यासाठी त्यांनी दोन युक्त्या शिकवल्या. पहिली: प्रत्येक नंबर झाला की दगड धुवायचा आणि फडक्याने पूर्ण कोरडा करून मगच बघायचा. ओला दगड नेहमी पॉलिश झाल्यासारखा दिसतो. पाणी चरांमध्ये भरतं आणि वरचा पृष्ठभाग सपाट होतो, त्यामुळे प्रकाश कमी विखुरतो. काका म्हणायचे, "वला दगड खोटं बोलतो." दुसरी: नवीन नंबर सुरू करण्याआधी दगडावर पेन्सिलीने फुल्या मारायच्या. सगळ्या फुल्या पुसल्या गेल्या म्हणजे पॅड सगळीकडे लागला. एखादी फुली राहिली तर तिथे खळगा आहे, आणि पुढच्या कुठल्याही नंबराने तो चमकणार नाही.

हिऱ्याला धरून ठेवणारा

मला वाटायचं, पॅडमध्ये महत्त्वाचा तो हिरा. पण हिऱ्याला धरून ठेवणारा जो मसाला असतो, बाँड, त्याच्यावरही तितकंच अवलंबून आहे. कापायच्या ब्लेडमध्ये हा बाँड धातूचा असतो, पॉलिशच्या पॅडमध्ये रेझिनचा. हिऱ्याचा कण वापरून बोथट होतो. तेव्हा बाँडने झिजून त्याला सोडून द्यायला हवं, म्हणजे खालचा नवा, धारदार कण वर येतो.

इथेच एक गंमत आहे जी व्हायव्हात विचारली तर निम्मा वर्ग चुकेल. कडक दगडाला बाँड कसा हवा, कडक की मऊ? उत्तर आहे मऊ! ग्रॅनाइटसारखा घट्ट दगड हिऱ्याला लवकर बोथट करतो, पण बाँडला फारसा खात नाही. म्हणून बाँड मऊ हवा, तो वेळेवर झिजेल. उलट वाळूच्या दगडासारखा भुसभुशीत दगड बाँडला भराभर खातो. तिथे बाँड मऊ असेल तर चांगले हिरे फुकट गळून जातील. चुकीचं ब्लेड लावलं तर ते दगडावर नुसतं सरकतं, कापत नाही. अशा वेळी काका ते ब्लेड सिमेंटच्या ब्लॉकमधून दोन-तीनदा चालवतात. ब्लॉकमधली वाळू बाँड खरवडते, नवे हिरे उघडे पडतात आणि ब्लेड पुन्हा चालू! आपण पुस्तकात ज्याला ड्रेसिंग म्हणतो ते हेच.

रेझिनच्या बाँडला उष्णता सोसत नाही. माझा पॅड वितळला तो यामुळे. नेहमीचा चार इंची ग्राइंडर ११,००० आरपीएमने फिरतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या पॅडच्या कडेचा वेग काढून बघा: सेकंदाला जवळजवळ ५८ मीटर. पॅडच्या पाठीवर कमाल वेग छापलेला असतो, माझ्यावर ४,००० लिहिलं होतं, म्हणजे सेकंदाला २१ मीटर. मी वाचलंच नव्हतं. त्यात सेंट्रिफ्यूगल फोर्स वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे साडेसात पट. पॅड फाटून अंगावर आला नाही हे नशीब! पॉलिशसाठी वेग कमी-जास्त करता येणारं मशीन वेगळं मिळतं.

चमक म्हणजे नेमकं काय?

चमक म्हणजे कुठलाही लेप नव्हे. दगडावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरला तर दगड मंद दिसतो, एकाच दिशेने परत आला तर चमकतो. पृष्ठभागावरचे चढ-उतार प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच लहान झाले की तो आरशासारखा वागू लागतो. यासाठी रेलेचा एक ढोबळ नियम आहे. सरळ समोरून पाहताना चढ-उतार तरंगलांबीच्या एक अष्टमांशाहून कमी हवेत. हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटर धरला तर साधारण ७० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या हजाराव्या भागाइतके.

पण तिरपं पाहिलं तर हीच मर्यादा सैल होते. काटकोनापासून ८० अंश तिरपं पाहिलं तर ती जवळजवळ ४०० नॅनोमीटर होते. रात्री हॉस्टेलच्या कॉरिडॉरच्या एका टोकाला उभ्या राहा. लांबवरची फरशी ट्यूबलाइटखाली पाण्यासारखी चमकते, आणि जवळ गेलं की तीच फरशी मळकट! फरशी तीच आहे, कोन बदलला. माझी पहिली ट्रॉफी तिरपी धरल्यावर छान का दिसत होती, तेही आता कळलं असेल. काका ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ वरून बघायचे. नळीची कड रेघेसारखी स्पष्ट दिसली तर पास, पसरट दिसली तर मागे जा.

आता प्रश्न असा की पाच मायक्रॉनचा कण ७० नॅनोमीटरचा पृष्ठभाग कसा देईल? कारण रेझिन थोडं लवचिक असतं, ते कणाला दगडात पूर्ण रुतू देत नाही. चर कणाच्या आकाराच्या छोट्याशा भागाइतकाच पडतो. शिवाय इतक्या बारीक पातळीवर दगड फुटण्याऐवजी किंचित सरकतो, मऊ पदार्थासारखा. शेवटी बफ पॅड असतो, काळ्या दगडाला काळा आणि पांढऱ्याला पांढरा.

मार्बलचं शेवटचं पॉलिश थोडं वेगळं. तिथे ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर वापरतात. ॲसिड कॅल्साइटशी क्रिया करतं आणि घासण्याबरोबर रसायनही काम करतं. पण म्हणूनच मार्बलवर लिंबू सांडलं किंवा बाथरूमचं ॲसिड ओतलं की पॉलिश कायमचं जातं. तो डाग नसतो, दगडच खाल्लेला असतो. तेव्हा मार्बलच्या पायऱ्या ॲसिडने "चकाचक" करण्याआधी कृपया थांबा!

पाणी कशासाठी?

माझ्या यादीत पाणी नव्हतंच. काकांच्या यादीत ते पहिलं होतं. पाणी पॅडला थंड ठेवतं. झिजलेला दगड धुऊन नेतं, नाहीतर तोच पॅड आणि दगडाच्या मधे अडकून नवे चरे पाडतो. आणि तिसरं म्हणजे धूळ उडू देत नाही.

शॉकची माझी भीती खोटी नव्हती. साध्या विजेच्या ग्राइंडरवर पाणी मारणं धोक्याचंच. काकांच्या शेडमध्ये कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारं मशीन होतं, त्याच्या मधोमध पाणी येतं. विजेचं वापरायचं तर ओल्या कामासाठीच बनवलेलं घ्यायचं, आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा स्विच हवाच.

तिसऱ्या संध्याकाळी मी म्हटलं, "काका, तुम्ही पाण्याबाबत फारच कडक आहात." ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझा थोरला भाऊ माझ्याआधी याच कामात होता. सगळं कोरडं करायचा, हात चालायचा बघ त्याचा! पुढं धाप लागाय लागली. दोनदा टीबीची औषधं झाली. मग मोठ्या दवाखान्यात सांगितलं, टीबी न्हाई, दगडाची धूळ हाय आत. ती निघत न्हाई." एवढं बोलून त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं.

धूळ कुठे जाते?

या आजाराचं नाव सिलिकोसिस. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतं, खऱ्या ग्रॅनाइटमध्ये किमान पाचवा हिस्सा. क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकरूप सिलिका. तिचे अगदी बारीक कण नाकात, घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत जातात. शरीरातल्या पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मरतात, सूज येते आणि तिथे व्रणासारखी घट्ट गाठ तयार होते. ती फुप्फुस आकुंचन-प्रसरण पावू देत नाही. हे नुकसान भरून काढणारं औषध नाही. अशा माणसाला खरा टीबी होण्याचा धोकाही वाढतो. सिलिकाच्या धुळीने कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९७ मध्ये मान्य केलं. ऑस्ट्रेलियात स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झच्या दगडामुळे इतके कामगार आजारी पडले की १ जुलै २०२४ पासून तिथे तो दगड बनवण्यावर, विकण्यावर आणि बसवण्यावर बंदी आली.

आमच्या ट्रॉफ्यांचा काळा दगड खरं तर ग्रॅनाइट नव्हताच. दुकानात कुठल्याही कडक दगडाला ग्रॅनाइट म्हणतात. गॅब्रोसारख्या काळ्या दगडांमध्ये क्वार्ट्झ बरंच कमी असतं. म्हणजे आम्ही थोडक्यात वाचलो म्हणायचं. पण उद्या समोर कुठला दगड येणार, हे पॉलिशवाला ठरवत नाही, गिऱ्हाईक ठरवतं.

फ्लुइड मेकॅनिक्समधला स्टोक्सचा नियम इथे लावून बघा. ७५ मायक्रॉनचा क्वार्ट्झचा कण छातीच्या उंचीवरून, म्हणजे दीड मीटरवरून, काही सेकंदांत जमिनीवर येतो. दोन मायक्रॉनचा कण? सेकंदाला जेमतेम ०.३ मिलिमीटर. दीड मीटर खाली यायला सुमारे सवा तास, तोही हवा अगदी स्थिर असेल तर. म्हणजे जी धूळ डोळ्यांना दिसते ती खाली बसते. जी दिसत नाही ती ग्राइंडर बंद झाल्यावरही आपल्या नाकासमोर तरंगत असते. आम्ही दोघींनी मशीन बंद केल्याबरोबर ओढण्या सोडल्या होत्या आणि तिथेच बसून चहा प्यायलो होतो. ओढणी बांधलेली असती तरी काय म्हणा, दोन मायक्रॉनच्या कणाला ओढणीची वीण म्हणजे उघडं दार.

मेसचा ओटा

हे सगळं सप्टेंबरात शिकले. आता पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते.

डिसेंबरात आपल्या मेसमधला जुना ओटा काढून लालसर ग्रॅनाइटचा नवा बसवला. पहिल्या दिवशी कारागिरांनी पाणी मारत दगड कापला. राखाडी चिखल दारापर्यंत आला, दोघीजणी घसरल्या, कॉरिडॉरभर पावलं उमटली. रात्री तक्रार वहीत आम्ही लिहिलं: "मेसमध्ये चिखल होत आहे, जेवायला जाता येत नाही, त्वरित बंदोबस्त करावा." खाली सतरा सह्या. त्यातली एक माझी.

दुसऱ्या दिवशी बंदोबस्त झाला होता. चिखल अजिबात नव्हता. सिंकसाठी दगड कोरडाच कापत होते, मेसच्या आत, खिडक्या लावून. पांढरा धुरळा दारातून बाहेर येत होता. आम्ही नाकाला ओढण्या लावून ताटं घेतली आणि बाहेर पळालो. आत माझ्याच वयाचा एक मुलगा तोंडाला रुमाल बांधून ग्राइंडर धरून बसला होता. भुवया पांढऱ्या झालेल्या. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. पाणी बंद करायला त्याला कोणी सांगितलं? आम्हीच. सतरा सह्यांनी.

मी आणि माझी रूममेट मेसच्या काकूंकडे गेलो. काकूंनी भांडी घासायच्या नळाला पाइप लावून दिला. रेक्टर मॅडमना भेटलो, त्यांनी कापायचं काम मागच्या अंगणात हलवायला लगेच परवानगी दिली. अंगणातल्या विजेच्या बोर्डाला सुरक्षा स्विच आहे, हे इलेक्ट्रिशियन काकांनी बटण दाबून तपासलं, आणि ओल्या कामाचं मशीन त्या कारागिरांच्या पेटीतच होतं. अर्ध्या तासाचं काम होतं, मित्रांनो! पैसा एक लागला नाही. संध्याकाळी चिखल सुकायच्या आत आम्ही पाइपने धुऊन काढला, कारण सुकलेला चिखल म्हणजे पुन्हा धूळच.

जाताना त्या मुलाला मी म्हटलं, "आता रोज पाणी मारूनच काप हं." तो हसला आणि म्हणाला, "ताई, इथे तुम्ही पाणी दिलं. उद्या फ्लॅटमध्ये काम आहे. तिथली बाई म्हणते, घर ओलं करायचं नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. पण निदान एवढं कळलं की दगड कोरडा कापायचा की ओला, हे बऱ्याचदा कारागीर ठरवतच नाही. ठरवतो तो आपण, घरमालक, रेक्टर, तक्रार वहीत सही करणारे.

म्हणून शेवटी विद्यार्थ्यांना आणि स्टाफलाही ही छोटी यादी. कुठेही दगडाचं काम निघालं तर:

१. काम सुरू होण्याआधी विचारा, पाण्याची सोय कुठे आहे? नळ आणि पाइप आपण द्यायचा.

२. कापणं आणि घासणं शक्यतो उघड्यावर. आत फक्त बसवणं.

३. विजेच्या बोर्डावर सुरक्षा स्विच आहे का आणि मशीन ओल्या कामाचं आहे का, हे माहितगाराकडून तपासून घ्या.

४. रुमाल आणि ओढणी हे मास्क नव्हेत. किमान एन-९५, नाकावर घट्ट बसणारा, आणि तो पाणी असतानाही. मशीन बंद झाल्यावर लगेच काढायचा नाही.

५. चिखल ओला असतानाच धुवा. कोरडा झाडू मारू नका.

६. चिखलाची तक्रार करण्याआधी एक मिनिट विचार करा.

बारा ट्रॉफ्या शेवटी वेळेवर झाल्या, सातही नंबर लावून, भरपूर पाण्यात. ती पहिली, रेघा पडलेली मात्र कोणाला दिली नाही. ती माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. मधले नंबर गाळले तर दगड दहा मिनिटांत सांगतो. पाणी गाळलं तर छाती सांगते, पण अनेक वर्षांनी, आणि तेव्हा मागच्या नंबरावर जाता येत नाही.